पिल्लांच्या चोचीला नवं खाणं लावताना

मुंबईत गोराई-मनोरीकडे ज्यांना अजून अंगण आहे, त्यातले काही हौसेने कोंबडीची दहा-बारा पिल्लं आणतात आणि थोड्याच दिवसांत विचारत येतात: पालक टाकला, काकडी टाकली, पण पिल्लं ढुंकून बघत नाहीत, उलट कोपऱ्यात दाटीवाटीने उभी राहतात. काय करायचं?

घाबरू नका. अनोळखी वस्तूपासून लांब राहणं हा पिल्लाचा स्वभावच आहे. कोंबडीच्या तोंडात चवीच्या कळ्या काही शेकडाच असतात, आपल्या मात्र हजारो. गोड चव तर तिला जवळजवळ कळतच नाही, त्यामुळे गूळ लावून काही साधत नाही. पिल्लू आधी डोळ्यांनी ठरवतं: वस्तू केवढी आहे, हलते का, आणि दुसरं कुणी तिच्यावर चोच मारतंय का.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पिल्लांची आई कुकुक करत दाणा उचलते, खाली टाकते, पुन्हा उचलते. पिल्लं धावत येऊन तिथेच चोच मारतात. आईविना, बल्बच्या उबेत वाढणाऱ्या पिल्लांना हे शिकवायला कुणी नसतं, म्हणून आई तुम्ही व्हायचं. रोजच्या खाद्यावर नवा पदार्थ चिमूटभर भुरभुरा आणि बोटाच्या टोकाने त्यावर टकटक करा. आवाजही रोज एकच काढा. एखादं धीट पिल्लू पुढे येतं, तुकडा उचलून पळतं, आणि बाकीची त्याच्या मागे लागतात. हा पाठलाग होऊ द्या. त्यातूनच ती शिकतात.

सुरुवातीला उकडलेलं अंडं अगदी बारीक कुस्करून द्या. मग कोथिंबीर किंवा माठ बारीक चिरून. पुढे तीच जुडी चोचीच्या उंचीवर टांगली की हलणाऱ्या पानांना पिल्लं स्वतःहून टोचतात. आपल्या कोळीवाड्यात मिळणारा सुका जवळा त्यांना फार आवडतो, पण मीठ न लावलेलाच घ्या, आणि भिजवून, चुरून द्या.

कोंबडीला दात नाहीत, दळण्याचं काम पोटातली जाड स्नायूंची पिशवी (गिझार्ड) गिळलेल्या रेतीच्या मदतीने करते. म्हणून पाला-दाणा सुरू कराल त्या दिवसापासून धुतलेली बारीक रेती वेगळ्या वाटीत ठेवा. नुसतं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचं तयार खाद्य, खाणाऱ्यांना ती लागत नाही. वरचं खाणं एकूण आहाराच्या 10 टक्क्यांच्या आतच ठेवा. वाढीसाठी आहारात सुमारे 20 टक्के प्रथिनं लागतात, ती स्टार्टरमधूनच मिळतात.

‘भूक लागली की खातील’ म्हणून खाद्याचं भांडं उचलून ठेवण्याचा सल्ला मिळेल. मला तो अजिबात पटत नाही. लहान पिल्लं उपाशी राहिली की लगेच गळून जातात. भांडं तिथेच राहू द्या, नवं शेजारी ठेवा. आज नाही खाल्लं तर उद्या तोच पदार्थ पुन्हा द्या, रोज बदलू नका.

कच्चा राजमा, अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, हिरवट पडलेला बटाटा आणि खारट उरलंसुरलं कधीच देऊ नका. मुंबईच्या पावसाळ्यात खाद्याला बुरशी फार लवकर धरते. कुबट वास आला की ती गोणी वापरू नका, कितीही भरलेली असली तरी. ओला पाला, अंडं तासाभरात उचला.

पिल्लू पंख पाडून बसलं, स्टार्टरही खात नसेल, तर तो नव्या खाण्याचा प्रश्न नाही. त्याला वेगळं करून ऊब द्या आणि त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येते.