वाद नेमका कशावर आहे, ते कसं ओळखावं

दोन माणसं घर-संसारावर वाद घालू लागली की "दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे" म्हणणारा कुणीतरी हमखास उगवतो. त्याचं ऐकू नका. मतभेद कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर सुवर्णमध्य कशाचा काढणार?

समजा, एक जण म्हणतो, आई-वडील दोघंही नोकरी करतात म्हणून मुलांकडे दुर्लक्ष होतं. दुसरा म्हणतो, मुळीच नाही.

प्रत्येकाचं म्हणणं एका वाक्यात लिहा आणि त्यालाच दाखवा. "हो, हेच" असं तो म्हणेपर्यंत खाडाखोड करत राहा. शास्त्रार्थात पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आधी मांडायची पद्धत आहे, ती उगाच नाही. मग ज्यावर दोघांचं एकमत आहे ते वगळा.

आता मेख. उरलेला मतभेद शब्दाचा, वस्तुस्थितीचा की मूल्याचा? इथे मी कितीदा तरी आपटले आहे.

शब्दापासून सुरुवात करा. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, 'नवकंबल'चं उदाहरण येतं. संस्कृतात 'नव' म्हणजे नवा आणि नऊही: बोलणाऱ्याच्या मनात नवं कांबळं, ऐकणारा विचारतो, नऊ कुठे आहेत? याला वाक्छल म्हणतात. तिथे तो मुद्दाम केलेला असतो, घरच्या वादात नकळत होतो. 'दुर्लक्ष' म्हणजे एकाच्या लेखी घराबाहेर गेलेले तास, दुसऱ्याच्या लेखी मूल मनातलं सांगेनासं होणं. त्या शब्दावर दहा मिनिटं बंदी घाला. वाद विरला, तर तो शब्दाचाच होता.

नाही विरला, तर दोघांनाही विचारा, "काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?" नुसतं "मत बदलाल का?" विचारू नका, त्याला सगळेच मोठ्या मनाने हो म्हणतात. ठोस उत्तर आलं, तर वाद वस्तुस्थितीचा, माहिती शोधा. "काहीही दिसलं तरी नाही" असं आलं, तर तो मूल्याचा, आणि तिथे आकडे फेकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी एकदा अख्खी संध्याकाळ कोण किती तास घरी असतं ते मोजण्यात घालवली. शेवटी एक जण म्हणाला, "मुलं मजेत असली तरी मला हे पटणार नाही." नोकरी कुणी सोडायची, यावर ते दोघं भांडत होते. मुलं फक्त तोंडी लावायला होती.

एखाद्याचं पहिलं वाक्यच तयार होत नाही, कारण त्याला फक्त समोरच्याचं खोडायचं असतं. ही वितंडा. वही मिटा.