इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून काम करताना

पतीच्या नोकरीनिमित्त इंग्लंडला आलेल्या अनेक मराठी मैत्रिणी मला विचारतात की, भारतातील पदवीच्या आधारावर येथील शाळेत टीचिंग असिस्टंटचे, म्हणजे वर्गशिक्षिकेच्या मदतनिसाचे, काम मिळते का. मिळते, मात्र अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या जवळच्या शाळेत आठवड्यातून एक सकाळ मुलांचे वाचन ऐकायला स्वयंसेवक म्हणून जावे, असे मी प्रत्येकीला आग्रहाने सांगते. मुलाखतीत बोलण्यासारखे काहीतरी तिथेच मिळते, आणि हे काम आपल्याला झेपेल का, हेही तिथेच कळते.

पात्रतेच्या अटी शाळेगणिक बदलतात; इंग्रजी व गणित चांगले असावे आणि जमल्यास या कामाच्या प्रशिक्षणाचे लेव्हल 2 चे प्रमाणपत्र असावे, एवढी अपेक्षा बहुतेक ठिकाणी असते. डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची सरकारी पडताळणी, मात्र कोणालाच चुकत नाही, आणि आपण परदेशातून आलेल्या असल्यामुळे भारतातील पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागितले जाऊ शकते, त्यामुळे ते आधीच काढून ठेवलेले बरे. पगाराचा आकडा नीट वाचावा. जाहिरातीत पूर्ण वर्षाचा पगार छापलेला असला, तरी नोकरी बहुधा वर्षातील 39 आठवड्यांची असते आणि त्या प्रमाणातली रक्कम बारा महिन्यांत विभागून हाती पडते.

मी रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग) आणि इयत्ता पहिलीच्या वर्गांत, म्हणजे 4 ते 6 वर्षांच्या मुलांबरोबर काम करते. तिथे दिवसाची सुरुवात फोनिक्सने, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून वाचायला शिकवण्याने, होते, आणि आपली खरी कसोटी लागते ती इथेच. आपल्या वर्णमालेतले प्रत्येक व्यंजन 'अ' पोटात घेऊन येते. इथे मात्र मुलांना पाय मोडलेली अक्षरे ऐकवावी लागतात. 'कॅट' शिकवताना मी पहिल्या आठवड्यात 'क-ॲ-ट' असे ठसठशीत म्हणत होते, आणि समोरची मुलगी ते ध्वनी प्रामाणिकपणे जोडून 'कअॅटअ' असे काहीतरी वाचत होती. 'क्-ॲ-ट्' असे तुटक म्हटल्याबरोबर शब्द तिला सापडला. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोन्हींसाठी आपण एकच 'व' वापरतो. त्यांपैकी 'व्ही' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, आणि 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू झाला पाहिजे. मी हे घरी आरशासमोर उभी राहून शिकले, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकीने तसे करावे. पहिलीच्या शेवटी, जूनमध्ये, 40 शब्दांची फोनिक्स चाचणी होते. त्यांतील निम्मे शब्द मुद्दाम अर्थहीन रचलेले असतात, कारण पाठांतराने वाचणारे मूल तिथे अडखळते आणि ध्वनी जोडणारे मूल पुढे जाते.

माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक मदतीच्या अतिरेकाची होती. एका मुलाला लिहिण्यासाठी आधार द्यायचे काम माझ्याकडे होते. तो पेन्सिल हातात धरून माझ्याकडे पाहायचा आणि मी लगेच पुढचा शब्द सांगायचे. वही रोज भरलेली दिसायची आणि मला समाधान वाटायचे. एकदा मी आजारपणामुळे दोन दिवस गैरहजर राहिले. परत आल्यावर शिक्षिकेने काही न बोलता त्याची वही माझ्यापुढे ठेवली. दोन्ही पानांवर फक्त तारीख होती, तीही तिनेच लिहून दिलेली. त्या दिवसापासून मी उत्तर देण्यापूर्वी मनात एक ते दहा अंक मोजते. त्यानंतरही मूल अडलेलेच असेल, तर आधी 'तुला आता काय करता येईल?' एवढेच विचारते, मग पहिला ध्वनी सुचवते, आणि पूर्ण शब्द अगदी शेवटी. एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन या शिक्षणविषयक संशोधन करणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक पुस्तिकेतही मदतनिसाने शिक्षिकेची जागा घेऊ नये, तिच्या शिकवण्याला जोड द्यावी, असेच म्हटले आहे. ती पुस्तिका मुलाखतीपूर्वी जरूर वाचावी.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळायचा आहे. 'कोणाला सांगणार नाहीस ना?' असे म्हणून मूल काही सांगू लागले, तर गुपित राखण्याचे वचन कधीही देऊ नये. खोदून प्रश्न न विचारता ऐकावे, मुलाचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहावेत आणि शाळेतील बालसुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीकडे सोपवावेत. आपल्याकडे 'घरातल्या गोष्टी घरात' म्हणण्याची सवय असते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

वर्गात एखादे मराठी मूल आले, तर आपला उपयोग निराळाच होतो. नव्याने आलेली मुले कित्येकदा काही महिने इंग्रजीत एकही शब्द बोलत नाहीत. ती ऐकत असतात. आमच्याकडे सप्टेंबरमध्ये आलेला एक मुलगा असाच गप्प होता. भूक, शू आणि दुखणे एवढ्यापुरतेच मी त्याच्याशी मराठी बोलत असे, आणि त्याच्या धास्तावलेल्या आईला घरी मराठीच बोलत राहायला सांगत असे. फेब्रुवारीत एका सकाळी हजेरीच्या वेळी नाव पुकारल्यावर त्याने मान न हलवता, स्पष्ट आवाजात 'गुड मॉर्निंग, मिस' म्हटले, आणि लगेच वळून मी ऐकले की नाही ते पाहिले.