ट्रॅव्हल-एक्स्पेन्स सॉफ्टवेअर लावताना या चुका टाळा

कर्मचाऱ्यांचा प्रवास आणि त्याचा खर्च सांभाळणारं नवं सॉफ्टवेअर सुरू होऊन महिना उलटला की अकाउंट्सकडे तीन तक्रारी हमखास येतात. क्लेम (खर्चाचे पैसे परत मागणारा अर्ज) कुठंतरी अडकलाय, कार्डावरची रक्कम बिलाशी जुळत नाही, एकच खर्च दोनदा दिसतोय. मग विकणाऱ्या कंपनीच्या सपोर्टला धारेवर धरलं जातं. एसएपी कॉन्कर घ्या, नवान घ्या, झोहो एक्स्पेन्स घ्या, तक्रारी थोड्याफार फरकानं याच असतात. कारण सेटअपच्या वेळी जे प्रश्न 'नंतर बघू' म्हणून सोडून दिले, तेच पुढं तक्रार होऊन परत येतात.

जुनी पॉलिसी जशीच्या तशी चढवणं

कागदावरच्या प्रवास धोरणात 'वाजवी', 'शक्यतो', 'गरजेनुसार' असे शब्द पेरलेले असतात. माणूस ते वाचून अंदाज बांधतो. सॉफ्टवेअरला मात्र आकडा हवा, अट हवी आणि अट मोडली तर काय करायचं तेही हवं. घाईत असलेली टीम मग हॉटेलसाठी सगळ्या शहरांना एकच मर्यादा टाकून मोकळी होते. महागड्या शहरातला प्रत्येक क्लेम लाल होतो, आणि स्वस्त शहरात लोक बिनदिक्कत मर्यादेला टेकून खोली घेतात. शहरांचे तीन-चार गट पाडले तरी बराचसा त्रास वाचतो. मर्यादेत कर धरलाय का, नाश्ता धरलाय का, हेही लिहून ठेवा. वाद बहुतेक याच दोन गोष्टींवरून होतात.

'सर्वांत स्वस्त विमान' हा नियम तर फारच फसवा. सर्वांत स्वस्त तिकीट अनेकदा मध्ये सात तास ताटकळवणारं असतं. कर्मचारी ते नाकारतो, सिस्टिम कारण विचारते, तो 'इतर' निवडतो आणि रिपोर्टमध्ये 'इतर'चा ढीग साचतो. तुलना कुठल्या तिकिटांशी करायची ते ठरवा: हव्या वेळेच्या आगेमागे दोन तास, आणि थेट विमान असेल तर थेटशीच.

नियम मोडला की अडवायचं की नुसता इशारा द्यायचा, हा निर्णयही एकेका नियमाचा वेगळा घ्यावा लागतो. सगळीकडे अडवणूक केली तर लोक सिस्टिमबाहेर जातात. सगळीकडे इशारेच दिले तर ते कुणी वाचत नाही. पावती नसणं किंवा खर्चाची तारीख उद्याची असणं इथं अडवा. मर्यादा थोडी ओलांडली असेल तर इशारा आणि कारण पुरे.

हॉटेलचं बिल एका ओळीत उरकणं

माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथंच असतो. चेक-इनला हॉटेल कार्डावर अंदाजे रक्कम अडवून ठेवतं, आणि खरा व्यवहार चेक-आउटनंतर वेगळ्या रकमेनं पोस्ट होतो. तुमच्या कार्ड फीडमध्ये, म्हणजे बँकेकडून येणाऱ्या व्यवहारांच्या यादीत, 'पेंडिंग' (अजून पक्के न झालेले) आणि 'पोस्टेड' (पक्के झालेले) दोन्ही व्यवहार येत असतील, तर एकाच मुक्कामाच्या दोन नोंदी दिसणार. कर्मचारी उत्साहानं पेंडिंगला पावती जोडतो, ती नोंद काही दिवसांत गायब होते, आणि खरी नोंद पावतीशिवाय लटकत राहते. शक्य असेल तर क्लेममध्ये फक्त पोस्टेड व्यवहार येऊ द्या. पेंडिंग दाखवायचेच असतील तर त्यांना पावती जोडण्याची सोय बंद ठेवा.

दुसरा घोळ बिलाच्या आतला. कार्डावर एकच आकडा असतो, पण बिलात खोलीभाडं, कर, जेवण, लाँड्री, पार्किंग असं बरंच काही दडलेलं असतं. सगळं 'हॉटेल'मध्ये ढकललं की ज्याला दैनिक भत्ता मिळतो त्याच्या जेवणाचे पैसे दोनदा जातात: एकदा भत्त्यात, एकदा बिलात. खोलीभाडं कंपनीनं व्हर्च्युअल कार्डानं (प्रत्यक्ष कार्ड नसलेल्या, नुसत्या कार्ड क्रमांकानं) आधीच भरलं असेल आणि कर्मचाऱ्यानं अख्खं बिल क्लेम केलं, तरी तेच. त्यामुळे दुबार खर्चाची तक्रार आली की पहिल्यांदा 'पैसे कुणी भरले' हा रकाना बघा. बिलाचे तुकडे पाडून नोंदवणं लोकांना आवडत नाही, हे खरं. पण मुक्कामाच्या रात्री टाकल्या की भाड्याच्या ओळी आपोआप बनवणारी सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. ती चालू आहे का तेवढं तपासा.

व्यापाऱ्याच्या कोडवर आंधळा विश्वास

कार्डाच्या प्रत्येक व्यवहारासोबत व्यापाऱ्याचा चार आकडी कोड येतो आणि त्यावरून सॉफ्टवेअर खर्चाचा प्रकार ठरवतं. तो कोड व्यापाऱ्याच्या धंद्याचा असतो, तुम्ही काय विकत घेतलं त्याचा नसतो. हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये ग्राहकासोबत जेवलात तरी ते बरेचदा 'मुक्काम' म्हणून पडतं. कोडवरून प्रकार सुचवू द्या, पण तो बदलायची मुभा ठेवा.

चलनाचा दर कुठल्या तारखेचा?

बिलाची तारीख, बँकेच्या पोस्टिंगची तारीख आणि क्लेम भरल्याची तारीख, तिन्ही वेगळ्या असू शकतात. सॉफ्टवेअरनं एक धरली आणि अकाउंट्सनं दुसरी, तर प्रत्येक परदेश दौऱ्यात थोडा थोडा फरक राहणारच. कंपनीचं कार्ड असेल तर बँकेनं लावलेली रक्कमच अंतिम माना. रोख खर्चाला बिलाच्या तारखेचा दर लावा. परदेशात कार्ड मशीन 'तुमच्या चलनात पैसे कापू का' असं विचारतं, तेव्हा 'नको' म्हणायला कर्मचाऱ्यांना शिकवा. 'हो' म्हटलं की दर बहुधा महाग पडतो, शिवाय बिल एका चलनात आणि व्यवहार दुसऱ्या चलनात आल्यामुळे जुळणी फसते.

जपानी येनला दशांश नाहीत आणि कुवेती दिनारला तीन आहेत. लेजरकडे (कंपनीच्या हिशेबाच्या मुख्य खातेवहीकडे) जाणारी फाइल सगळ्याच चलनांना दोन दशांश धरत असेल तर येनची रक्कम शंभर पटीनं चुकू शकते. चाचणीत ही दोन चलनं घ्याच.

कर्मचारी मास्टर आणि अडकलेले क्लेम

क्लेम अडकला की आधी तो कुणाच्या टेबलावर आहे ते पाहा. बऱ्याचदा तो कंपनी सोडून गेलेल्या मॅनेजरच्या बंद खात्यात सापडतो. एचआरच्या फीडनं (कर्मचाऱ्यांच्या मूळ यादीत, म्हणजे मास्टरमध्ये, आपोआप येणाऱ्या माहितीनं) नवा मॅनेजर टाकला तरी अनेक सिस्टिममध्ये तो पुढच्या क्लेमपासून लागू होतो. वाटेत असलेले क्लेम हातानं वळवावे लागतात. म्हणून मॅनेजर जाण्याआधी त्याच्याकडचे क्लेम दुसऱ्याकडे सोपवणं एचआरच्या निरोपाच्या यादीतच टाका. सुट्टीसाठी बदली अप्रूव्हर (मंजुरी देणारा), आणि सगळ्यात वरच्या अधिकाऱ्याचे क्लेम कुणाकडे जाणार, हेही आधी ठरवा. नाहीतर साहेबांचे क्लेम साहेबच मंजूर करतात.

याच फीडचा आणखी एक उपद्रव. कर्मचारी प्रोफाइलमध्ये पासपोर्टवरचं पूर्ण नाव भरतो आणि रात्री एचआरचा डेटा येऊन तिथं रोजच्या वापरातलं नाव टाकून जातो. तिकीट चुकीच्या नावानं निघतं, आणि ते कळतं थेट विमानतळावर. प्रवासाचं नाव या फीडपासून वेगळं ठेवा.

बाहेरच्या बुकिंगकडे डोळेझाक

कंपनीचं पोर्टल सोडून लोक विमान कंपनीच्या साइटवर जातात, कारण कधी कधी तिथं खरंच स्वस्त मिळतं. 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं 2012 साली एनडीसी या तिकीट विक्रीच्या नव्या मानकाचं काम हाती घेतलं, तेव्हापासून विमान कंपन्या काही भाडी आपल्याच मार्गानं विकू लागल्या आहेत. ती तुमच्या पोर्टलला दिसतात का, हे आधी विक्रेत्याला विचारा आणि मग बंदीचा विचार करा. बाहेरचं बुकिंग सिस्टिमला कळलंच नाही तर रद्द तिकिटाचे उरलेले पैसे कुणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि कुठं संकट आलं तर आपलं माणूस कुठल्या शहरात आहे तेही सापडत नाही. निदान बुकिंगचा मेल फॉरवर्ड करून नोंदवायची सोय ठेवा. तिकीट आणि कार्ड व्यवहार जुळवताना सहा अक्षरी पीएनआरवर विसंबू नका, पीएनआर पुन्हा वापरात येतात. 13 आकडी तिकीट क्रमांक जास्त भरवशाचा.

पावतीचा फोटो काढला म्हणजे झालं?

सॉफ्टवेअर फोटोतून आकडे वाचतं खरं, पण 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, हे त्याला देशावरून ओळखावं लागतं, आणि करापूर्वीची बेरीजच एकूण म्हणून उचलली जाते तेही वेगळंच. थर्मल कागदाची शाई उडते, तेव्हा फोटो त्याच दिवशी काढलेला बरा.

लेजरला पुन्हा पुन्हा पाठवणं

महिनाअखेरीस एक्स्पोर्ट अडलं की घाईघाईनं पूर्ण बॅच परत पाठवली जाते. पहिल्या वेळी निम्म्या ओळी पोचल्या असतील तर त्या आता दोनदा बसतात. आधी नाकारलेल्या ओळींची यादी काढा. कारण बहुधा बंद केलेलं कॉस्ट सेंटर (खर्च ज्या विभागाच्या नावावर टाकायचा तो कोड) किंवा लॉक झालेला महिना हेच निघतं. ते दुरुस्त करा आणि तेवढ्याच ओळी पाठवा. क्लेम क्रमांक आणि ओळ क्रमांक मिळून लेजरमध्ये एकच नोंद होऊ शकेल अशी अट घालून घेतली तर दुबार नोंद आपोआप नाकारली जाते.

एवढं बघूनही प्रश्न सुटला नाही, तर सपोर्टकडे तक्रार नोंदवताना 'क्लेम चालत नाही' एवढंच लिहू नका. क्लेम क्रमांक, खर्चाची तारीख, पोस्टिंगची तारीख, चलन, पैसे कुणी भरले आणि क्लेम सध्या कुणाकडे आहे, एवढं द्या. स्क्रीनशॉटमध्ये कार्डाचा पूर्ण क्रमांक दिसत नाहीये ना, तेही पाठवण्यापूर्वी पाहून घ्या.