ट्यूनावाल्यांचा तराफा समुद्रात कसा वाहतो, टबात करून बघा

बडोद्यात समुद्र नाही, पण पोरांच्या सायन्स फेअरला हा प्रयोग मस्त जमतो. आधी खरी वस्तू समजून घ्या: ट्यूना मासे पकडणारी मोठी जहाजं बांबूचा वगैरे तराफा समुद्रात सोडून देतात, कारण मासे त्याच्याखाली जमतात, खाली कितीतरी मीटर दोर (पूर्वी बऱ्याचदा जुनी जाळी) लटकवलेले, सोबत सॅटेलाइटवाला बॉय (buoy, म्हणजे तराफा कुठे आहे ते कळवणारा तरंगता डबा), बऱ्याचदा त्यात इको साउंडरपण (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं टिपणारं यंत्र) असतो, म्हणजे मासे जमले का ते लांबूनच कळतं.

आता खंडेराव मार्केटातनं कांद्याची जाळीदार पिशवी आणा, लांब पट्टी कापून थर्माकोलच्या तुकड्याला बांधा आणि खालच्या टोकाला लोखंडी नट लावा, नट नसला तर पट्टी वरच तरंगते आणि सगळा खेळ फुकट. दुसरा तुकडा नुसताच सोडा. टबात तळाशी हाताने पाणी एका बाजूला ढकलत राहा, वरनं उलट्या बाजूने पुठ्ठ्याने वारा घाला (टेबल फॅन नको, पाणी आणि वीज जवळ नकोच). नुसता तुकडा वाऱ्याबरोबर पळतो, जाळीवाला पाण्याचं ऐकतो.

मग हिशोब. प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर धरला तर दिवसाला साधारण ४३ किलोमीटर! आणि वाऱ्याची दिशा म्हणजे तो कुठून येतो, प्रवाहाची म्हणजे कुठे जातो, इथे पोरं हमखास गोंधळतात.

चार्टवर सोमाली प्रवाह (आफ्रिकेतल्या सोमालियाच्या किनाऱ्याजवळचा) काढाच, पावसाळ्यात तो उत्तरेकडे आणि हिवाळ्यात उलटा, त्यामुळे तराफा कुठे जाणार हे कधी सोडला त्यावरही ठरतं. सेशेल्स या हिंदी महासागरातल्या बेटांचे कोरलपण (प्रवाळ) दाखवा, भरकटलेले तराफे तिथे जाऊन अडकतात.