मोठ्या कुटुंबासाठी गाडी बघायला जाताय? बॅगा बरोबर न्या

मागच्या वेळी मी जे विसरले ते आधीच सांगते, मग पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. तिन्ही रांगांच्या सीट उभ्या ठेवायच्या, डिकी उघडायची आणि आपल्या बॅगा आत ठेवून बघायच्या. नुसतं डोकावून “बसतील हो” म्हणायचं नाही.

आम्ही सात माणसं. शोरूममध्ये गाडी उभी होती ती मागची रांग आडवी करून. डिकी एवढी ऐसपैस की धाकटा त्यात लोळला, आम्ही हसलो आणि बुकिंग करून आलो. पहिल्या प्रवासाच्या दिवशी पहाटे मागची रांग उभी केली, तर सीटची पाठ आणि डिकीचं दार यांच्यात दीड वीत जागा उरली. एकच बॅग गेली, तीही कुशीवर उभी करून. बाकीच्या आत, माणसांच्या अंगावर. सासऱ्यांनी पाच तास मांडीवर बॅग धरली आणि दर थांब्याला “मी मजेत आहे” म्हणत राहिले. उतरताना त्यांचा पाय सरळ होईना.

मग टपावर कॅरिअर बसवलं आणि त्यावर पेटी. जागा झाली, अ‍ॅव्हरेज गेलं. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे हमरस्त्यावर ही पेटी फार महाग पडते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार टपावरच्या मोठ्या पेटीमुळे शहरात 2 ते 8 टक्के आणि ताशी 105 ते 120 किलोमीटरच्या वेगाला 10 ते 25 टक्के अ‍ॅव्हरेज घटतं. म्हणजे कमी इंधन खाते म्हणून घेतलेली गाडी डिकी न बघितल्यामुळे जास्त खाऊ लागली. प्रवास संपल्यावर ती पेटी आणि कॅरिअर दोन्ही काढून ठेवायचं असतं हेही आम्हाला फार उशिरा सुचलं.

तर निघण्याआधी घरी बसून माणसं मोजा. रोज किती, सगळे एकत्र कितीदा. वर्षातून दोनदाच सातजण जाणार असाल तर सात सीटची गाडी घेऊच नका, तेवढ्यापुरती भाड्याने घ्या. चारजणांसाठी वर्षभर एवढं धूड कशाला फिरवायचं?

मग बॅगा काढा. कडक पाठीच्या, चाकांच्या. मऊ बॅग दाबून कुठेही बसते, ती चाचणीला कामाची नाही. बाळाची ढकलगाडी असेल तर तीही. सेल्समन हसेल. हसू दे. माहितीपत्रकातल्या लिटरच्या आकड्यावर जाऊ नका, तिथे बहुधा सगळ्या सीट पाडून थेट छतापर्यंत मोजलेला मोठा आकडा ठळक असतो. तिन्ही रांगा उभ्या असतानाचा आकडा वेगळा मागा. 55 बाय 40 बाय 23 सेंटिमीटरची छोटी बॅग हिशेबाने 50 लिटर होते. म्हणून 200 लिटरमध्ये चार बसतील असं समजू नका. डिकी म्हणजे सरळ खोका नसतो, चाकांचे उंचवटे आणि तिरकं दार जागा खातात. म्हणून बॅगा न्या. दार बंद करून बघा, “लागेल बरोबर” ऐकून घेऊ नका.

घरातली माणसंही न्या, निदान सगळ्यात उंच आणि सगळ्यात म्हातारं. उंच माणसाला तिसऱ्या रांगेत वीस मिनिटं बसवा. काही गाड्यांत मागे फरशी उंच आणि सीट बुटकी असते, गुडघे छातीशी येतात. एसीची हवा मागे पोचते का, डोक्याला टेका आहे का, पडदा-एअरबॅग (धडकेत खिडक्यांवर पडद्यासारखी उघडते ती) तिसऱ्या रांगेपर्यंत आहे का, विचारा. ज्यांच्याकडे लहान मूल आहे त्यांनी मुलाची सीट दुसऱ्या रांगेत बसवून मग मागे जाऊन दाखवावं. पुष्कळ गाड्यांत ती बसवली की तिच्याखालची दुसऱ्या रांगेतली सीट दुमडत नाही आणि मागच्यांचा रस्ताच बंद होतो. मधे दोन सुट्या खुर्च्या असतील तर वाट मिळते, पण एक माणूस कमी बसतं. काय हवं ते घरी ठरवा, तिथे भांडू नका.

वजन. हे कोणी बघत नाही. गाडीचं कमाल वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, एवढंच तुम्ही भरू शकता. सातजण सरासरी 70 किलोचे धरले तर 490 किलो माणसांचेच झाले, बॅगा त्याच्या वर. रिकाम्या वजनात चालकाचे 75 किलो धरलेत का तेही विचारा, युरोपी पद्धतीत धरतात.

इंधनाचं थोडक्यात सांगते. शहरातली थांबत-थांबत धाव जास्त असेल तर हायब्रिड, म्हणजे इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत परत घेते. सतत लांबचा प्रवास असेल तर डिझेल. रोज जेमतेम चार किलोमीटर जायचं असेल तर मात्र नवं डिझेल नको, धुराची गाळणी आतली काजळी जळण्याइतकी तापत नाही आणि तुंबते. सीएनजी स्वस्त पडतो, पण टाकी कुठे असते? पुष्कळदा डिकीत! पुन्हा तेच. टाकी बसवलेलीच गाडी उघडून बघा, पेट्रोलची दाखवून “हिच्यासारखीच” म्हणतात. आणि छापील अ‍ॅव्हरेज प्रयोगशाळेतल्या रोलरवरचं असतं, सातजण आणि त्यांचं सामान भरून कोणी मोजत नाही.

टेस्ट ड्राइव्ह भरल्या गाडीने, चढावर, एसी लावून. एकट्याने चक्कर मारून काही कळत नाही.

कागदपत्रं, विमा, वॉरंटी, तुम्हाला ठाऊक आहे.

गाडी ताब्यात घेताना टायरमधल्या हवेचं स्टिकर बघा, भरल्या गाडीचा आकडा बहुतेक वेगळा आणि जास्त असतो. स्टेपनी आहे का, कुठे आहे? डिकीच्या फरशीखाली असेल तर पंक्चर झाल्यावर सगळं सामान रस्त्यावर काढावं लागेल. जॅक, पाना. झालं.

आणि ती कडक बॅग बुकिंग होईपर्यंत माळ्यावर टाकू नका.