मधाच्या बाटल्या स्वस्तात घेताय? या चुका टाळा

एप्रिल संपत आला की मला फोन सुरू होतात. "दादा, मध काढलाय. बाटल्या स्वस्त कुठे मिळतील?" मध काढून झाल्यावर! मधमाश्यांच्या पेट्या घ्यायला सहा महिने विचार करणाऱ्या माणसाला बाटल्या मात्र उद्या सकाळी हव्या असतात. २०२२ मध्ये आमच्या महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून नवे मधपाळ वाढलेत. चांगलंच आहे. चुका मात्र त्याच जुन्या चालू आहेत.

पाचशे मिलीची बाटली म्हणजे अर्धा किलो नव्हे

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून जरा लांबण लावतो. पहिल्या वर्षी पुण्याला जाऊन बोहरी आळीतून दोनशे बाटल्या उचलल्या. अर्धा किलो मध भरायचा, मग पाचशे मिलीची बाटली, एवढं साधं डोकं लावलं. भाव पाडून घेतला याचाही आनंद होता. घरी येऊन पहिली बाटली काट्यावर ठेवली, पाचशे ग्रॅम मध ओतला, तर वर जवळजवळ तीस टक्के बाटली रिकामी. तशाच नेऊन विकायला मांडल्या. एक आजी बाटली उजेडात धरून म्हणाल्या, "अहो, यातला कोणी चाखलाय का आधी?" गळ्यापर्यंत भरावी तर सातशे ग्रॅमच्या आसपास मध जातो आणि पैसे अर्ध्या किलोचे येतात. नवी छोटी बाटली घेण्याएवढे पैसे तेव्हा हातात नव्हते. तो हंगाम मी चक्क तोट्यात घातला.

मध पाण्यापेक्षा जड असतो, सुमारे १.४ पट. आमच्या सातेरीचा, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी माशीचा, मध जरा पातळ, त्याला किंचित जास्त जागा लागते. तरी ढोबळ हिशेब असा: पाव किलोला १८० ते १८५ मिली, अर्ध्या किलोला ३५० ते ३७०, किलोला ७०० ते ७४०. दुकानदार सांगतो त्या मापावर मी आता जात नाही, कारण कोणी काठोकाठचं माप सांगतो, कोणी गळ्यापर्यंतचं. एक बाटली विकत घेऊन घरी आणतो, काट्यावर ठेवून काटा शून्य करतो आणि गळ्यापर्यंत पाणी भरतो. जेवढे ग्रॅम पाणी, त्याला १.४ ने गुणलं की मधाचं वजन. याला दोन मिनिटं लागतात. तेवढीही ज्याला नसतात त्याने मला मेमध्ये फोन करू नये.

झाकणाकडे न बघता बाटलीचा भाव करणं

बाटली एकीकडे स्वस्त मिळाली, झाकणं दुसरीकडे. दोन्ही 'त्रेसष्ट'ची, म्हणजे तोंड ६३ मिमीचं. बसतही होती छान. दादरच्या एका गिऱ्हाइकाला बारा बाटल्या खोक्यात घालून एसटीने पाठवल्या. घाटातली वळणं, वर उन्हाळ्यात पातळ झालेला मध. खोकं पोचलं तेव्हा त्याचा तळ गायब होता, शेजारचं कोणाचं तरी आंब्याचं खोकं त्याला चिकटलेलं, आणि मुंग्या कुठल्या थांब्यावर चढल्या देव जाणे. बाराच्या बारा बाटल्यांचे पैसे परत केले, आंबेवाल्याची समजूत काढली ती वेगळीच.

माप एक असलं तरी आटे जुळतीलच असं नाही. पाव फेऱ्यात बसणारी पत्र्याची झाकणं आणि गोल गोल फिरवायची आट्याची झाकणं या दोन जाती वेगळ्या. झाकणाच्या आत रबरासारखी कडा असते, ती काचेवर सगळीकडून टेकली पाहिजे. मी प्रत्येक नव्या मालातल्या पाच बाटल्या कोमट पाण्याने भरतो, झाकण लावतो आणि रद्दीवर रात्रभर उपड्या ठेवतो. सकाळी कागदावर एक जरी ओला डाग दिसला तरी माल परत. म्हणून बाटली आणि झाकण एकाच ठिकाणाहून घ्यावं, दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो, कारण त्यांना थोडी अक्कल पुरते.

जुन्या लोणच्याच्या बाटल्या धुऊन वापरता येतात, पण काचेचा वास जातो, झाकणाचा जात नाही. झाकण नवंच घ्या. गंजाचा ठिपका असलेलं झाकण तर फेकाच, मध आंबट जातीचा आहे.

धुतलेली बाटली ओली असताना भरू नका. मधात पाणी २० टक्क्यांच्या आत हवं, आणि सातेरीचा मध आधीच त्या काठावर असतो. पाणी वाढलं की मध आंबतो. वरच्या थराला फेस येऊन झाकण फुगलं की गिऱ्हाईक भेसळ म्हणतं, आणि त्याला समजावत बसण्यात दिवस जातो.

अरुंद तोंडाची बाटली दिसायला देखणी. सूर्यफुलाचा किंवा मोहरीचा मध त्यात रवाळला की चमचा आत जात नाही. मग लोक ती उकळत्या पाण्यात बुडवतात. प्लॅस्टिकची असेल तर आक्रसते, काचेची तडकते.

षटकोनी बाटलीवर लेबल मावत नाही. कोपऱ्यातला मध निघत नाही. तरी सगळ्यांना तीच हवी. घ्या बापडे.

ट्रान्सपोर्टने मागवताना वाटेत फुटणाऱ्या बाटल्या धरूनच भाव काढा आणि पोती उतरवतानाच उघडून मोजा. दोन दिवसांनी केलेली तक्रार कोणी ऐकत नाही.

माझ्या बाटल्या जानेवारीतच येऊन माळ्यावर उपड्या पडतात, झाकणं वेगळ्या पिशवीत. त्या पहिल्या दोनशेंपैकी चाळीसेक अजून आमच्या स्वयंपाकघरात आहेत. बायकोने त्यांत डाळी भरल्यात, आणि पाहुणा आला की "या आमच्या अर्ध्या किलोच्या बाटल्या" म्हणून दाखवते.