एक चित्र, चाळीस मिनिटं: सहावी ते आठवीसाठी कलेच्या इतिहासाचा ऑनलाइन तास कसा आखावा

एका तासाला एकच चित्र घ्या. चाळीस मिनिटांत पंधरा स्लाइड सरकवल्या तर मुलांच्या हाती नावं आणि सनावळी तेवढ्या लागतात, आणि त्या तर मोबाइलवर क्षणात सापडतात. एका चित्रासमोर थांबून नीट बघायची सवय मात्र आपोआप लागत नाही. तास तिच्यासाठी आखायचा.

चित्रात काहीतरी घडत असावं, एखादी गोष्ट उशिरा दिसणारी असावी आणि ते कसं बनवलं हे मुलांना समजावता यावं. या तिन्ही कसोट्यांना जपानी चित्रकार होकुसाईचं (१७६०–१८४९) 'कानागावाची महालाट' उत्तम उतरतं. साधारण १८३१ सालचं हे चित्र लाकडी ठशांनी छापलेलं आहे आणि 'फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं' या मालिकेतलं आहे. पुढचा आराखडा त्यावरच बेतला आहे; दुसरं चित्र घेतलंत तरी क्रम तोच ठेवा.

आदल्या दिवशीची तयारी

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या कलाकृतींची छायाचित्रं मुक्त वापरासाठी खुली केली आहेत. तिथून मोठ्यात मोठी फाइल घ्या आणि तिचे पाच तुकडे आधीच करून ठेवा: एक पूर्ण चित्र आणि चार बारकावे (लाटेचं टोक, मधली होडी, फुजी, वरच्या डाव्या कोपऱ्यातली शीर्षकाची चौकट). प्रत्येक तुकडा साधारण १६०० पिक्सेल रुंद पुरे. वर्ग चालू असताना स्क्रीनवर झूम करत बसू नका. नेट मंद असलं की चित्र धुरकट होतं, आणि तुम्ही पुढे गेलात तरी काही मुलांच्या फोनवर मागचंच दिसत राहतं.

फाइलला 'चित्र १', 'चित्र २' अशीच नावं द्या. नावात 'होकुसाई' दिसलं की निम्मा वर्ग शोधायला लागतो आणि बघणं तिथेच संपतं. पूर्ण चित्राची आणखी एक प्रत करून तिच्यावर तीन बाय तीनची जाळी आखा: आडव्या ओळींना क, ख, ग आणि उभ्या रांगांना १, २, ३. मुलांना पडद्यावर बोट ठेवता येत नाही, पण 'ख-२ मध्ये बघा' म्हणता येतं.

तासाच्या सुरुवातीला फोनचा नाइट मोड बंद करायला सांगा. त्या पिवळसर पडद्यावर या चित्राचा निळा रंग मरतो, आणि पुढची सगळी चर्चा त्या निळ्यावर उभी आहे.

आधी बघणं

पूर्ण चित्र दाखवा, सगळ्यांचे माइक बंद ठेवा आणि घड्याळ लावून एक मिनिट गप्प बसा. शिक्षकाला हे मिनिट फार लांब वाटतं आणि विसाव्या सेकंदाला तोंडून काहीतरी निघतंच. तो मोह आवरा. मग चित्र झाकून आठवतील त्या पाच गोष्टी वहीत लिहायला लावा. त्यातली एक प्रत्येकाने चॅटमध्ये टाइप करावी, पण तुम्ही 'तीन' म्हणेपर्यंत पाठवू नये. नाहीतर सगळ्यात आधी आलेलं उत्तर बाकीचे उतरवून काढतात.

चित्र परत दाखवा. पुढची दहा मिनिटं तीन प्रश्नांवर जातात: काय चाललंय? कशावरून? आणखी काय दिसतं? यातला मधला प्रश्न तासाचा कणा आहे. एखादी मुलगी म्हणते, 'मागे एक छोटी लाट आहे.' तिला चूक म्हणू नका. कशावरून, विचारा. 'टोकाला पांढरा फेस आहे,' ती सांगेल. आता लाटेच्या टोकाचा तुकडा आणि हा पांढरा भाग शेजारी ठेवा. एका ठिकाणी नखांसारखा वाकलेला फेस आहे, दुसऱ्या ठिकाणी कडा शांत, उतरती. कोणीतरी 'अरे, डोंगर आहे!' म्हणतंच. मग विचारा: ३,७७६ मीटर उंचीचा फुजी लाटेपेक्षा लहान का? जवळचं आणि लांबचं यांचा खेळ मुलं आपल्या शब्दांत मांडतात. तीन होड्या आणि त्यांत वाकून बसलेले वल्हेकरी बऱ्याच जणांना याच टप्प्यावर दिसतात.

मग आकार आणि माहिती

पडद्यावर सगळी चित्रं एकाच मापाची होतात. ऑनलाइन तासाचा हा सगळ्यात मोठा खोटेपणा आहे आणि तो उघड करायलाच हवा. मूळ चित्र केवढं असेल, अंदाज घ्या, आणि मग वर्तमानपत्रातून साधारण २५ बाय ३७ सेंटीमीटरचा तुकडा कापायला लावा. एवढी मोठी लाट मांडीवर मावते हे कळल्यावर मुलं चित्राकडे वेगळ्या नजरेने बघतात. (पिकासोचं 'गेर्निका' ७.७६ मीटर रुंद आहे. ते शिकवताना मुलांना सुतळी मोजून घेऊ द्या, घरातल्या एका खोलीत बहुधा ती पुरी पसरणार नाही.)

माहितीला पाच मिनिटं, त्याहून जास्त नको. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा लाकडावर कोरी, छापणारा एकेका रंगाचा ठसा उमटवी. एकाच ठशांपासून हजारो प्रती निघत, म्हणून आज ही लाट अनेक संग्रहालयांत आहे. निळा रंग म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेला प्रशियन ब्लू. तो व्यापारातून जपानमध्ये पोचला होता.

चार-चार जणांचे गट

दोन वेगवेगळ्या संग्रहालयांतल्या प्रती शेजारी ठेवून फरक शोधायला नऊ मिनिटं द्या. ठसा झिजत गेला की बारीक रेषा तुटतात. शीर्षकाच्या चौकटीच्या कडा त्यासाठी तपासायच्या. आकाशातला फिकट गुलाबी ढग काही प्रतींत दिसतो, काहींत जवळजवळ उडालेला असतो. इथे हमखास होणारी चूक अशी की सूचना तुमच्या स्क्रीनवर असतात आणि ब्रेकआउट रूम (प्रत्येक गटाची वेगळी ऑनलाइन खोली) उघडताच ती स्क्रीन मुलांसमोरून जाते. सूचना आणि दोन्ही चित्रं आधीच चॅटमध्ये टाका. लिहून घेणारा आणि बोलणारा कोण, हेही तुम्हीच ठरवून द्या, नाहीतर पहिली तीन मिनिटं त्यातच जातात.

गट परतल्यावर वेळ उरला तर चित्र आडवं उलटवून दाखवा, आरशात दिसतं तसं. जपानी मजकूर उजवीकडून डावीकडे वाचला जाई. त्या सवयीच्या नजरेला आधी होड्या भेटतात, लाट नंतर. उलटवलेल्या चित्रात आपल्यालाही तसंच होतं.

तपासणी

सनांची प्रश्नमंजुषा नको. संग्रहालयात चित्राशेजारी पाटी असते तशी तीन वाक्यांची पाटी लिहायला सांगा: एक दिसलेली गोष्ट, एक तर्क 'कशावरून'सकट, आणि एक न सुटलेला प्रश्न. चित्र न बघताही लिहिता आलं असतं असं वाक्य असेल ('हे चित्र खूप सुंदर आहे') तर जाळीतला चौकोन विचारून परत पाठवा.

ज्याला वर्गात येता आलं नाही त्याला पूर्ण चित्र, एक तुकडा आणि पाच मिनिटांची ध्वनिफीत पाठवा. त्या फितीतही चित्र बघायला एक मिनिट शांतता असू द्या.